वही परत द्या, मग प्रवेशाचं बोलू

(करमाळा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र: मुलगी बारावी सायन्स, नीटला ३१२ गुण. रिपीट नको म्हणते, लांडग्यांचा अभ्यास करायचाय म्हणते. "माझ्या वडिलांचा जन्म मेंढ्या राखण्यात आन् लांडगं हाकलण्यात गेला, आता पोरगी त्यांच्याच मागं लागलीय. माळावरच्या नोंदींची तिची वही मी कपाटात कुलूप घालून ठेवलीय. तुम्हीच समजवा.")

दादा, नमस्कार.

मला गुणांची काळजी नाही, त्या कुलपाची आहे. वहीत काय आहे ते तुम्हीच लिहिलंय: ओढ्याच्या चिखलातल्या पावलांची मापं, आजोबांनी ओळखून दिलेली विष्ठा, तिच्यातले सशाचे केस आणि मेंढीची लोकर, सगळं तारीख-वार घालून. सतरा वर्षांच्या मुलीनं कुणी न सांगता दोन वर्षं हे केलं. अशा नोंदी ठेवायला एम.एस्सी.च्या मुलांना शिकवावं लागतं. आणि ताजा कलम म्हणून तुम्ही खाली लिहिता, "दोन महिने झाले, माझ्याशी बोलत नाही." दादा, पत्र सुरूच तिथून व्हायला हवं होतं. डॉक्टर व्हायचं स्वप्न तुमचं होतं. त्यात वाईट काही नाही, पण ते तिच्या वहीवर ठेवू नका.

आता तिचं चुकतंय ते. "लांडगे आले की नद्यासुद्धा सुधारतात" असं तिनं तुम्हाला अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा व्हिडिओ दाखवून सांगितलं. तिथले शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले आणि १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. एल्क हरणं कमी झाली, काही ओढ्यांकाठी त्यांनी खाऊन खुरटलेली विलोची झुडपं पुन्हा उंच झाली, हे खरं. पण हरणं कमी होण्यात अस्वलं, प्यूमा (तिकडची मोठी रानमांजरं) आणि उद्यानाबाहेरची शिकार यांचाही वाटा होता. जिथे ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर हे प्राणी गेल्यावर ओढे खोल कापले गेले आणि जमिनीतलं पाणी खाली उतरलं, तिथे नुसत्या लांडग्यांनी विलो परतले नाहीत. आपल्या माळाचं तर गणितच वेगळं. इथला लांडगा काळवीट, ससा, उंदीर मारतो, पण बऱ्याच ठिकाणी त्याचं पोट शेळ्यामेंढ्यांवर चालतं. माळ नांगरला, 'पडीक' म्हणून त्यावर झाडं लावली किंवा गावकुत्र्यांचा रोग पसरला, की त्याचं अवघड होतं. त्याला वाचवायचं तर गवत, मेंढका, कुत्री आणि वनखातं ही चारही कळणारं माणूस लागतं. त्यातलं निम्मं शिक्षण तुमच्याच घरात आहे, आजोबांकडे.

वाट सांगतो: बी.एस्सी. प्राणिशास्त्र किंवा दापोली-अकोल्याची वनशास्त्राची पदवी, पुढे देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरुचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस), जोडीला वनसेवेच्या परीक्षा. सुरुवातीची काही वर्षं मुदतीचे प्रकल्प आणि बेताचा पगार असतो, हे तिलाही स्पष्ट सांगा. पशुवैद्यकाच्या पदवीला मात्र नीट परीक्षा लागतेच. तिला स्वतःला तिकडे जायचं असेल तरच रिपीटची फी भरा.

आज संध्याकाळी कुलूप काढा. आजोबांना शेजारी बसवून शेवटचं पान तिला वाचून दाखवायला सांगा. ते चुका काढतील, काढू द्या. आणि मला पुढचं पत्र तिच्या हातचं पाठवा.