रेनेसाँ शिकायचाय ना, मग ब्रांकाच्ची चॅपलपासून सुरू कर

अगं, तुझा मेसेज वाचला. रेनेसाँचा, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या चित्रांचा लुक आता एआयला दिलेल्या दोन ओळींच्या प्रॉम्प्टमध्ये मिळतो, मग सहाशे वर्षांपूर्वीच्या भिंती बघत कशाला बसायचं, असं विचारलंयस. बरं केलंस विचारलंस ते, कारण नुसत्या तारखा पाठ करून पेपर लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही.

लिओनार्दो, मायकेलअँजेलो, राफाएल सध्या बाजूला ठेव. मायकेलअँजेलोने रोममधल्या सिस्टिन चॅपलचं छत रंगवलं १५०८ ते १५१२ मध्ये, त्याच्या ऐंशीएक वर्षं आधी फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल कार्मिने चर्चमध्ये ब्रांकाच्ची चॅपलचं, म्हणजे चर्चमधल्याच एका छोट्या प्रार्थनेच्या दालनाचं काम चालू होतं, मासोलिनो आणि मसाच्चो हे चित्रकार दोघं मिळून भिंती रंगवत होते. मसाच्चो विशीतला पोरगा, तुझ्याहून थोडाच मोठा, आणि १४२८ च्या सुमारास रोममध्ये वारला तेव्हा सत्ताविशीही नीट गाठली नव्हती त्याने.

त्या चॅपलमध्ये शिरताना दोन बाजूंना समोरासमोर आदाम आणि ईव्ह आहेत, बायबलमधले पहिले स्त्री-पुरुष. एकीकडे मासोलिनोचे, फळ खायच्या आधीचे, देखणे, शांत, अंगावर हलकासा उजेड. दुसरीकडे मसाच्चोचे, स्वर्गातून हाकललेले. तिथे जरा थांब आणि नीट बघ. आदामने दोन्ही हातांनी तोंड झाकलंय, पोट आत ओढलं गेलंय, हुंदके देताना ओढलं जातं ना तसं. ईव्हचं तोंड उघडं, मान मागे, डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा. आणि पाय बघ, पाय जमिनीवर टेकलेत, अंगाचं वजन त्यांच्यावर आलंय, मागे सावली पडलीये. त्याच्या आधीच्या बऱ्याच चित्रांमधली माणसं चवड्यांवर उभी असल्यासारखी दिसतात असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीनेही लिहून ठेवलंय, आणि इथे मात्र ती चालतायत.

आता उजेड कुठून येतो ते बघ. उजवीकडून येतो, कारण त्या चॅपलची खरी खिडकी त्याच बाजूला, अल्टारच्या म्हणजे वेदीच्या भिंतीत आहे. म्हणजे या पोराने चित्रातला सूर्य आपल्या मनाने कुठेही ठेवला नाही, बघणारा ज्या उजेडात उभा आहे त्याच उजेडात चित्रातली माणसं उभी केली.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते अल्टारच्या भिंतीवरचं मसाच्चोचंच चित्र, येशूचा शिष्य सेंट पीटर सावलीने आजारी माणसं बरी करतो ते. फ्लॉरेन्समधल्यासारखीच एक गल्ली, पीटर आपला सरळ चाललाय, कोणाकडे बघतही नाहीये, आणि त्याची सावली रस्त्याकडेला बसलेल्या लोकांवरून सरकतेय. एक जण आधीच उठून उभा राहिलाय, एक उठतोय, आणि एक अजून जमिनीवरच, वाळलेले पाय दुमडून, वर बघतोय, त्याच्यापर्यंत सावली आत्ताच पोचतेय. इथे सावली म्हणजे शेडिंगचा सराव नाहीये गं, गोष्टच सावलीची आहे. पर्स्पेक्टिव्ह, लाइट अँड शेड हे सगळं मसाच्चोने हातात घेतलं ते रस्त्यावरच्या लंगड्या माणसाचं शरीर खरं दिसावं म्हणून, आणि रेनेसाँ मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. प्रॉम्प्टने तुला सोनेरी-तपकिरी झाक मिळेल, वळ्या पडलेलं कापड मिळेल, पण हा उजेड या बाजूनेच का आणि तो माणूस अजून खालीच का बसलाय, हे कोणीतरी ठरवावं लागतं आणि ते ठरवायला शिकायचंय तुला.

हे सगळं फ्रेस्को आहे हेही लक्षात ठेव. चुन्याचा गिलावा एका दिवसात रंगवून होईल तेवढाच लावायचा, तो ओला आहे तोवर पाण्यात कालवलेला रंग चढवायचा, मग हवा लागून चुना घट्ट होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. चुकलं तर तो तुकडा खरवडून पुन्हा गिलावा. अनडू नाही. त्यामुळे ब्रश उचलायच्या आधीच डोक्यात सगळं पक्कं असावं लागायचं.

मायकेलअँजेलोनेही लहान वयात मसाच्चोची कॉपी केली, त्याचं पीटरचं ड्रॉइंग म्युनिकमध्ये आहे. आपल्याकडे १८५७ ला सुरू झालेल्या जेजे स्कूलमध्येही प्लास्टरचे कास्ट, म्हणजे पुतळ्यांच्या प्रतिकृती समोर ठेवून पोरं शेडिंग शिकायची, ती शिस्त युरोपातून आली आणि तिचा उगम शोधत गेलीस तर याच काळात पोचशील. मात्र तिथे ती नुसती शिस्त उरली असेल तर तीही काही कामाची नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

तर आता असं कर. ती जमिनीवर बसलेल्या माणसाची इमेज मोठी करून समोर ठेव आणि पेन्सिलने कॉपी कर, टॅबवर नको, कागदावर. चेहरा सगळ्यात शेवटी कर, आधी पाय, मग हातांवर आलेला भार. ते झालं की स्टेशनबाहेर किंवा बाजारात बसलेल्या कोणाचं तरी स्केच कर, त्यांना विचारून कर, आणि उजेड कुठून येतोय ते कागदाच्या कोपऱ्यात बाण काढून लिहून ठेव. दोन्ही एकत्र पाठव मला, रविवारी निवांत बघतो आणि फोन करतो.