क्लिंगॉनमधली मोठी अक्षरं आणि आपली देवनागरी

प्रश्न असा आहे: 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळकथांमधल्या परग्रहवासीयांसाठी रचलेली क्लिंगॉन भाषा रोमन लिपीत लिहिताना शब्दाच्या मध्येच कॅपिटल अक्षरं का येतात? आणि 'यश' या अर्थाचा तिथला प्रसिद्ध शब्द मराठीत 'कापला' लिहावा की 'काप्ला', शेवटच्या अपॉस्ट्रॉफीचं काय करायचं?

आधी कॅपिटलचं बघू. वाक्याची सुरुवात, विशेषनाम, जोर देणं यांपैकी कशाशीही त्यांचा संबंध नाही. डी, एच, आय आणि एस यांचे स्वतंत्र ध्वनी कायम मोठ्या अक्षरानेच लिहायचे, मग ते शब्दात कुठेही येवोत. क्यू तेवढा मोठा आणि लहान अशा दोन्ही रूपांत येतो, पण ती दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. आपल्याकडे क आणि ख वेगळे, तितकीच वेगळी. लहान क्यू, ए, मोठा एच लिहिलं की 'साहेब', आणि त्यातलाच क्यू मोठा केला की 'मदत करणे'. इंग्रजीच्या सवयीने वाक्याचं पहिलं अक्षर मोठं केलं तर शब्दच बदलतो.

ही पद्धत नटांच्या सोयीतून आली. १९७९ च्या पहिल्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात क्लिंगॉनच्या मोजक्या ओळी होत्या, त्या जेम्स डूहान या अभिनेत्याने रचल्या होत्या. त्यांतले ध्वनी आधाराला घेऊन मार्क ओक्रांड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी पूर्ण भाषा उभी केली, आणि १९८५ मध्ये तिचा कोश आला. संवाद म्हणणारे नट इंग्रजी बोलणारे होते. जिथे त्यांची जीभ सवयीने इंग्रजी उच्चाराकडे वळली असती, तिथे मोठं अक्षर म्हणजे 'सावकाश, हा ध्वनी वेगळा आहे' असा इशारा.

आता हा इशारा इंग्रजी जिभेसाठी आहे, आणि मराठी माणसाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. मला या विषयात सगळ्यात रस वाटतो तो इथे. मोठा डी म्हणजे आपला ड. जीभ वर वळवून टाळूला लावायची. इंग्रजी नटाला त्यासाठी सराव करावा लागतो, आपल्याला नाही. मोठा एस म्हणजे ष, पण पुस्तकातला ष नव्हे, खरोखरचा. बहुतेक जण 'षटकार' म्हणताना श म्हणतात; 'कष्ट' म्हणताना मात्र पुढच्या ट साठी जीभ आधीच वर जाते आणि खरा ष उमटतो. तोच हवा. साधा स या भाषेत नाहीच.

आपण अडखळतो ते लहान अक्षरांवर, जिथे कसलाही इशारा नाही. टी बघा. समोर ड आहे म्हटल्यावर आपण त्याला ट मानून मोकळे होतो, कारण ट-ड ही जोडी आपल्या वर्णमालेत पक्की बसली आहे. पण क्लिंगॉनमध्ये ती जोडी मुद्दाम मोडली आहे: टी दातांच्या मागच्या हिरडीवर, तोही श्वासाच्या झटक्यासह, आणि त्याचा घोष (घशात कंप होणारा) जोडीदार नाही, ड मूर्धन्य (जीभ वर वळवून म्हटलेला) आणि त्याचा अघोष (कंप नसलेला) जोडीदार नाही. ओक्रांड यांना भाषा परग्रहावरची वाटायला हवी होती, म्हणून मानवी भाषांत सहसा दिसणारी सममिती त्यांनी अशी जागोजागी बिघडवली. दुसरा सापळा व्ही आणि डब्ल्यूचा. आपण दोन्हींना एकच 'व' लिहितो. क्लिंगॉनमध्ये व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात, आणि हे दोन वेगळे वर्ण आहेत. देवनागरी इथे सरळ अपुरी पडते.

मोठा एच आणि जी-एच हे उर्दूतल्या नुक्तेवाल्या (खाली टिंब असलेल्या) ख़ आणि ग़ च्या जवळचे. लहान क्यू म्हणजे पडजिभेजवळचा क़, श्वासाच्या झटक्यासह. मोठा क्यू त्याच जागेवरून सुरू होऊन घासत सुटतो. टी-एल-एच हा एकच ध्वनी: टीसाठी जीभ लावायची आणि हवा दोन्ही बाजूंनी जोरात सोडायची. त्यात ह शोधू नये.

एन-जी म्हणजे निव्वळ ङ, जसा 'वाङ्मय'मध्ये. भाषेच्या मूळ नावात तोच आहे, त्यामागे ग नाही. 'क्लिंगॉन' हे आपलं लेखन इंग्रजी रूपावरून आलं आहे. आता एखाद्या शब्दात एन, जी, एच ही तीन अक्षरं सलग आली तर ते ङ आणि ह, की न आणि ग़? उत्तर एकच निघतं. लहान एच एकटा कधी येत नाही, तो फक्त सी-एच, जी-एच आणि टी-एल-एच यांत असतो. म्हणून ते न आणि ग़. ङ नंतर ख़ असता तर एच मोठा दिसला असता. सगळी अक्षरं लहान करून टाकणारे लोक हीच सोय घालवून बसतात.

आता अपॉस्ट्रॉफी. तो विरामचिन्ह नाही, व्यंजन आहे. 'नको' या अर्थाने आपण तोंड न उघडता 'अं-अं' करतो, तेव्हा मध्ये घशात आवाज क्षणभर अडतो, तो हा ध्वनी. 'आणि' या अर्थाचा शब्द त्यानेच सुरू होतो, कारण क्लिंगॉनमध्ये शब्द स्वराने सुरू होत नाही. देवनागरीत त्यासाठी अक्षरही आहे: ॽ, पूर्व नेपाळ आणि सिक्कीममध्ये बोलल्या जाणाऱ्या लिंबू भाषेच्या लेखनासाठी युनिकोडमध्ये घेतलेलं. मात्र मराठी वाचकाला ते ओळखीचं नाही, त्यामुळे चालू मजकुरात मी ते वापरणार नाही.

तेव्हा लेखात, उपशीर्षकात 'काप्ला' लिहा. उच्चाराने 'कापला'ही तिथेच पोचतो, कारण आपण मधला अ गिळतोच, पण वाचणाऱ्याला आधी 'कापणे' आठवेल. दोन्ही आ पूर्ण म्हणा, जोर शेवटच्या अक्षरावर द्या आणि तिथे आवाज घशात तोडा. भाषा शिकायची असेल तर मात्र रोमन लेखन लहानमोठ्या अक्षरांसह जसंच्या तसं ठेवा, आणि देवनागरी उच्चार शेजारी टीप म्हणून लिहा. व्ही आणि डब्ल्यूपाशी ती टीप हमखास अडेल. तिथे दंत्योष्ठ्य (दात ओठाला लावून म्हटलेला) की गोल ओठांचा, हे शब्दांतच नोंदवावं लागेल.