ब्रिटनला नदीचं काम करायला येताय? आधी किडे ओळखा

‘एम.एस्सी. पाण्याच्या रसायनशास्त्रात आहे, ब्रिटनमध्ये नदी-पुनरुज्जीवनाच्या कामाला तेवढं पुरेल का? आणि एकटं वाटतं का?’ असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते सोडतो.

पुरणार नाही. बाटलीतलं पाणी त्या क्षणापुरतं बोलतं; रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळी निघूनही गेलेलं असतं. तळातले किडे महिनोन्‌महिने तिथेच राहतात. म्हणून 1 मिलिमीटर छिद्रांची जाळी तळाला टेकवायची आणि प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला, जाळीच्या पुढे, पायाने तळ ढवळायचा, एकूण 3 मिनिटं. गोटे, वाळू, पाणवनस्पती जितक्या पसरल्यात त्या प्रमाणात ही मिनिटं वाटायची. वर 1 मिनिट दगड उलटून हाताने शोध. नवखे सगळा वेळ खळाळात घालवतात, कारण तिथे किडे भरपूर. मग किड्यांवरून नदीला मिळणारे गुण फुगतात आणि आजारी नदी बरी दिसते.

जुन्या बीएमडब्ल्यूपी या गुण देण्याच्या पद्धतीत स्टोनफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या किड्यांच्या बहुतेक कुळांना 10 गुण, कायरोनोमिड (डासासारख्या माश्यांच्या) अळ्यांना 2, पाण्यातल्या गांडुळांना 1. बेरजेला कुळांच्या संख्येने भागलं की सरासरी. नुसत्या सरासरीला अर्थ नाही. उतार, रुंदी, खोली, पाण्याचा अल्कधर्मीपणा, तळ यांवरून ‘इथे किती असायला हवी होती’ ते काढून त्याच्याशी ताडायचं. सरासरी घसरली असेल तर संशय सांडपाण्यावर. सरासरी ठीक पण कुळंच कमी असतील तर बहुधा पात्र सरळ करून अधिवास मोडलेला. हा फरक न बघता लोक अधिवास सुधारायला नदीत खडी ओततात. वरच्या शेतांतला गाळ थांबवलेला नसतो, तो खडीच्या फटी बुजवतो आणि पैसे पाण्यात.

कागदपत्रांचा वैताग मात्र खरा. काठ बहुधा खाजगी, प्रत्येक मालकाची परवानगी वेगळी. नमुने वसंतात आणि शरदात घ्यायचे. जूनमध्ये उत्तर आलं की मार्च ते मे हा हंगाम गेलाच!

एकटं वाटतं. पुढे.

खरं तर सलतं ते वेगळंच: इथल्या किड्यांची कुळं तोंडपाठ आहेत, लहानपणी ज्या नदीत डुंबलो तिच्यातली एकही ठाऊक नाही. तुम्ही निघण्याआधी तिथेच सराव करा. स्टोनफ्लायला शेपट्या 2, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या मेफ्लाय या किड्याला बहुधा 3. पण बरणीत शेपट्या तुटतात, तेव्हा भिंगाखाली पाय बघा: टोकाला नख्या 2 असतील तर स्टोनफ्लाय, एकच असेल तर मेफ्लाय.