आत्यांबद्दल काय बोलू?

प्रश्न : आमच्या आत्या ९३व्या वर्षी प्रभूमध्ये झोपी गेल्या. नगर जिल्ह्यातली आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, जुन्या अमेरिकन मराठी मिशनचं. तिथेच त्यांचा जन्म गेला. रविवारच्या उपकारस्तुतीच्या सभेत पाळकसाहेबांनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. ‘प्रेमळ, प्रार्थनाशील, विश्वासू’ एवढं लिहून अडले आहे. पुढे काय लिहू?
— एक भाची

उत्तर : ताई, ते तिन्ही शब्द खोडा. खरे असतील, पण ते प्रत्येक सभेत ऐकू येतात आणि त्यांतून आत्या दिसत नाहीत.

माझ्या सासूबाई तुमच्याच भागातल्या. कापणीच्या सणाला भक्ती झाली की आणलेल्या जिनसांचा लिलाव व्हायचा : बाजरीची कणसं, भोपळे, एखादी कोंबडी. एकदा एका विधवेच्या पोरानं एकच अंडं आणलं. सासूबाईंनी त्याची बोली चढवत नेली, पदराच्या गाठीतले होते नव्हते ते पैसे टेबलावर ठेवले आणि अंडं त्या पोराच्याच हातात दिलं. त्यांच्या सभेत मी एवढंच सांगितलं. अख्खी मंडळी माना डोलावत होती.

तुमच्या आत्यांचंही असं काही असणारच, आणि ते घरच्यांपेक्षा बाहेरच्यांना जास्त ठाऊक असतं. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना विचारा, शेजारणींना विचारा. त्यांचं गीतांचं पुस्तक मागून घ्या. नारायण वामन टिळकांची गीतं आपल्याकडे पाठच असतात; तरी कुठल्या पानाची कड बोटांनी काळी पडलीय ते बघा.

आणि जरा हिशेब करा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा आत्या चाळिशीच्या आसपास होत्या. मिशनच्या छायेत वाढलेली, पुढे मंडळीचा भार स्वतः वाहणारी ही पिढी. त्यात लगेच ७२चा दुष्काळ. तेव्हा घरची चूल कशी पेटत होती, रविवारचं अर्पण कुठून निघत होतं, हे सांगणारं कुणी थोरलं माणूस अजून असेल, तर आजच गाठा.

त्या तापट असतील, तर तेही सांगा. लोकांना त्या तशाच हव्या असतात.

शेवटी त्यांचं गीत सगळ्यांनी म्हणावं. पेटीवाल्याला मात्र चाल शनिवारीच ऐकवून ठेवा. एकाच गीताच्या गावोगाव वेगळ्या चाली असतात, आणि आत्या म्हणायच्या तीच लागली पाहिजे.