त्या सकाळी त्यांनी चहा घेतला नाही

आदरणीय ताई,
मी सांगलीत राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे, वय ६६. गेली एकोणीस वर्षे आम्ही चार मित्र दर गुरुवारी संध्याकाळी विश्रामबागेतल्या माझ्या घरी जमतो आणि तत्त्वज्ञान, साहित्य, आजच्या जगण्याचा अर्थ यांवर बोलतो. दोन वर्षे आम्ही प्लेटोचे संवाद वाचले, सध्या कठोपनिषद चालू आहे. आमच्यातला सर्वांत व्यासंगी मित्र तीन महिन्यांपासून येईनासा झाला आहे. २०१९ च्या पुरात गावभागातल्या माझ्या जुन्या घरातून पुस्तकांची खोकी डोक्यावर घेऊन बाहेर काढणारा हाच माणूस. त्याचे मन आधीच उडाले असावे, कारण शेवटच्या गुरुवारी सकाळी सात वाजता तो पिशवी घेऊन दारात आला, चहाही नको म्हणाला आणि मिरजेला सोबत येतोस का, असे विचारू लागला. मला संध्याकाळसाठी कठोपनिषदाच्या दुसऱ्या वल्लीची, म्हणजे प्रकरणाची, टिपणे काढायची होती, म्हणून नाही म्हटले. पुढे एकदाच फोनवर म्हणाला, ‘मला शब्दांचा कंटाळा आला आहे.’ विचारांशी असलेल्या बांधिलकीविषयी मी त्याला सहा पानी पत्र लिहिले, त्याचेही उत्तर नाही. कशालाच अर्थ नाही असे मानणाऱ्या शून्यवादाकडे तो झुकला असेल, तर त्याला परत आणण्यासाठी कोणते पुस्तक द्यावे?

— एक वाचक, सांगली

—

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा मिरजेपाशी येऊन थांबले. तुम्ही ते वाक्य मित्राचे मन उडाल्याचा पुरावा म्हणून लिहिले आहे आणि लगेच टिपणांकडे वळला आहात. मला मात्र त्याच्या पुढे जाता येत नाही.

मी लग्नानंतरची सात वर्षे सांगलीत काढली आहेत. ‘मिरजेला जायचे आहे’ या तीन शब्दांचा अर्थ तिथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १८९४ मध्ये डॉ. वान्लेस यांनी तिथे मिशनचे रुग्णालय उभारले, तेव्हापासून आजतागायत सांगलीचीच काय, कर्नाटकातली माणसेही दुखणे घेऊन मिरजेची वाट धरतात. तंबोऱ्याची जवारी काढून, म्हणजे त्याच्या घोडीवर काम करून नाद नीट करून घ्यायला तिथल्या वाद्ये बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत जाणारेही असतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या कामासाठी कोणी सकाळी सातला, एकोणीस वर्षांत ज्या घरचा चहा कधी नाकारला नसेल त्या घरचा चहा नाकारून, उभ्या उभ्या सोबत मागत नाही. चहा नको म्हणाले, कारण तपासणीसाठी रक्त उपाशीपोटी द्यायचे असावे. पिशवीत बहुधा फाईल होती. आजार त्यांचा की वहिनींचा, हे मला कळण्याचा मार्ग नाही. पण ते तुम्हालाही ठाऊक नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण तुम्हाला फक्त ‘का रे?’ एवढे विचारायचे होते.

तुम्हाला राग येईल, तरी लिहिते. या प्रकरणात मित्राने तुम्हाला सोडलेले नाही. त्यांना आयुष्यात एकदा तुमची गरज लागली, ती त्यांनी दारात येऊन सांगितली, आणि तुम्ही टिपणे काढायला आत गेलात. त्यानंतर तुम्ही त्यांना सहा पाने पाठवलीत, तीही बांधिलकीवर. ती पाने त्यांनी रुग्णालयाच्या बाकावर बसून वाचली असतील का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ‘शब्दांचा कंटाळा आला आहे’ या वाक्यात तुम्हाला शून्यवाद दिसला. मला त्यात एक थकलेला माणूस दिसतो.

तत्त्वचर्चा व्यर्थ आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. चार माणसांनी एकोणीस वर्षे दर आठवड्याला एकत्र बसून, कोणाचे काही काम अडलेले नसताना, जगावे कसे याचा विचार करावा, ही आपल्या काळात दुर्मीळ होत चाललेली गोष्ट आहे आणि ती मोडू नये असे मला मनापासून वाटते. म्हणूनच तुम्ही वाचलेल्याच दोन पानांकडे तुम्हाला परत न्यावेसे वाटते.

दुसऱ्या वल्लीची टिपणे काढत होतात, म्हणजे पहिली वल्ली वाचून झाली होती. तिच्यात नचिकेता यमाच्या घरी पोहोचतो तेव्हा यम घरात नसतो, आणि तो मुलगा तीन रात्री अन्नावाचून तिथे राहतो. यम परतल्यावर काय करतो? आत्म्याविषयीचे विवेचन पुष्कळ पुढे आहे. आधी तो त्या पोराला नमस्कार करतो, अतिथी माझ्या घरी उपाशी राहिला, माझे कल्याण असो, असे म्हणतो, आणि एकेका रात्रीबद्दल एकेक वर देतो. ज्याच्या दारात सगळ्यांनाच जायचे आहे, त्या मृत्यूलासुद्धा दारातल्या उपाशी माणसापुढे आधी चूक कबूल करावी लागली. ज्या उपदेशासाठी आपण ते उपनिषद वाचतो, तो या क्षमायाचनेनंतरच सुरू होतो.

दुसरे पान प्लेटोचे. ‘क्रिटो’ या संवादात सॉक्रेटिसला मृत्युदंड झालेला आहे आणि तुरुंगात पहाट व्हायची आहे. तो जागा होतो तेव्हा त्याचा मित्र क्रिटो शेजारी बसलेला असतो. कधी आलास, असे सॉक्रेटिस विचारतो. बराच वेळ झाला, असे उत्तर येते. मग उठवले का नाहीस? तर तू इतका शांत झोपला होतास, म्हणून. पळून जाणे न्याय्य की अन्याय्य, हा सगळा थोर वाद त्यानंतरचा, आणि त्या वादात क्रिटो निरुत्तरही होतो. पण अंधारात उठून तो तिथपर्यंत आला होता आणि काही न बोलता उशाशी बसला होता. तुमच्या बैठकीत या संवादावर बोलताना कायदा आणि कर्तव्य यांवर पुष्कळ बोलणे झाले असेल. या सुरुवातीवर कोणी थांबले होते का?

कोणतेही पुस्तक देऊ नका. उद्या सकाळी सातला, ते आले होते त्याच वेळी, त्यांच्या दारात जा. हातात काही नको. ‘त्या दिवशी मी यायला हवे होते, माझे चुकले,’ एवढेच म्हणा आणि त्याला ‘पण’ जोडू नका. तपासणीत काही निघाले नसेल, तरीही म्हणा. ते कदाचित तुटक बोलतील, दार अर्धेच उघडतील. ते सोसा, त्यांनी ऑगस्टच्या पाण्यात तुमच्यासाठी यापेक्षा पुष्कळ सोसले आहे. मग मिरजेची पुढची तारीख विचारा आणि त्या दिवशी बरोबर जा. केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा, त्यांना बाकावर बसू द्या. रक्त देऊन झाले की त्यांना चहा पाजा. ते बोलले नाहीत तर तुम्हीही बोलू नका.

तारीख गुरुवारची निघाली, तर त्या संध्याकाळी बैठक नाही, हे उरलेल्या दोघांना आधीच कळवून ठेवा, आणि का नाही, तेही सांगा. त्यांच्यापैकी कोणालाही बरोबर यावेसे वाटले, तर गाडीत जागा आहे.