अ‍ॅक्सोलॉटलचं रोजचं खाणं

प्रश्न : ताई, आमच्या घरी साधारण १२ सेंटिमीटर लांबीचा अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे कायम पाण्यातच राहणारा पालीसारखा उभयचर प्राणी आहे. लेकीने त्याचं नाव मोती ठेवलंय. आणल्यापासून त्याला गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या बारीक लाल अळ्या) देतोय, पण अंग धरत नाही. दुकानदार म्हणतात तयार खाद्याच्या गोळ्या द्या. एक मित्र म्हणतो छोटे मासे सोडा, तो शिकार करेल. कुणी चिकनचे तुकडेही सुचवले. नक्की काय द्यावं? शिवाय सुटीत आठवडाभर बाहेर जायचंय, तेव्हा काय करू?

उत्तर : गांडूळ. मला एकच खाणं निवडायला सांगितलं, तर मी दुसरा विचारही करणार नाही. मोती नुकता अंड्यातून बाहेर आलेला असता तर उत्तर वेगळं असतं. त्या वयात पिल्लांना हलणारंच भक्ष्य कळतं, म्हणून आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची जिवंत पिल्लं किंवा डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा, द्यावे लागतात. तुमचा मोती त्यापुढे गेलाय. ब्लडवर्ममध्ये पाण्याचाच अंश फार असतो. छोट्या पिल्लाचं त्यावर भागतं, १२ सेंटिमीटरच्या वाढत्या अंगाचं भागत नाही. ते आता अधूनमधून, आवडीचं म्हणून द्या.

गांडुळात भरपूर प्रथिनं असतात, चरबी बेताची असते, शिवाय अंग मऊ. हे मऊपण फार महत्त्वाचं. अ‍ॅक्सोलॉटलचे दात नावापुरते असतात, त्यांनी चावता येत नाही. तो तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो आणि अख्खं गिळतो. म्हणूनच टणक कवचाचे मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) मी नको म्हणते, आणि टाकीच्या तळाशी बारीक खडे असतील तर आजच काढा. घासाबरोबर खडा पोटात गेला की आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवा किंवा अगदी बारीक वाळू घाला.

गांडूळ कुठलं, यालाही महत्त्व आहे. खत किंवा कीटकनाशक पडलेल्या मातीतलं अजिबात नको. गांडूळखताच्या ढिगातली बारीक, लालसर, अंगावर आडवे पट्टे असलेली गांडुळं डिवचली की उग्र वासाचा पिवळसर द्रव सोडतात. बरेच अ‍ॅक्सोलॉटल ती तोंडात घेऊन लगेच थुंकतात. मोतीने असं केलं तर त्याला गांडूळच आवडत नाही असं समजू नका, जात बदलून बघा. आणलेली गांडुळं ओलसर स्वच्छ मातीत ठेवा आणि देण्याआधी क्लोरीन नसलेल्या पाण्यात धुऊन घ्या. तुकडा मोतीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नको. धारदार कात्रीने एका झटक्यात कापा. पहिल्यांदा हात कचरतो, मला ठाऊक आहे. पण मोतीची प्रकृती सुधारताना बघाल तेव्हा तुम्हीच हे सोडणार नाही.

तुकडा बोथट टोकाच्या चिमट्यात धरून तोंडासमोर हलकेच हलवा. याची नजर अधू असते. वास आणि पाण्यातली हालचाल यांवर तो खाणं शोधतो. मोती अजून वाढतोय, तेव्हा रोज एकदा, खाईल तेवढं द्या. पूर्ण वाढल्यावर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर, दोन-तीन दिवसांआड पुरतं. वरून बघितल्यावर पोटाची रुंदी डोक्याएवढी दिसली की खाणं बरोबर चाललंय. पोट डोक्यापेक्षा फुगीर दिसू लागलं तर हात आखडता घ्या. उरलेला तुकडा लगेच बाहेर काढा, तो कुजला की पाण्यात अमोनिया वाढतो.

बुडणाऱ्या मऊ गोळ्या वाईट नाहीत. जोडीला ठेवा, गांडुळं मिळाली नाहीत त्या दिवशी उपयोगी पडतात. मासे मात्र सोडू नका. त्यांच्याबरोबर परजीवी येतात, आणि मासे त्याचे पिसांसारखे कल्ले कुरतडतात. गोल्डफिशमध्ये तर थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, त्याने जीवनसत्त्व ब१ नष्ट होतं. चिकनही नको. कोंबडीचं किंवा जनावराचं मांस त्याच्या रोजच्या आहारातलं नाही. त्यातली चरबी त्याला जड जाते, आणि नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला फार महत्त्वाचं वाटतं ते. पाण्याचं तापमान किती आहे? हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला जीव. १६ ते १८ अंश सेल्सिअसला तो खुशीत खातो. पाणी २२-२३ अंशांच्या वर राहिलं तर त्याची भूक मरते आणि उत्तम खाणंही अंगी लागत नाही. अंग धरत नसण्याचं कारण तिथेही असू शकतं, म्हणून खाणं बदलण्याआधी टाकीत थर्मामीटर लावा आणि पाण्यातला अमोनिया तपासा. तो शून्यच हवा. कल्ले पुढे वळलेले दिसले किंवा शेपटीचं टोक हुकासारखं वळलं, तर ती त्रासाची खूण आहे. पाणी ठीक असूनही तो आठवडाभर काहीच खात नसेल, तर उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवा.

सुटीचं म्हणाल तर पूर्ण वाढलेला, धडधाकट अ‍ॅक्सोलॉटल आठवडाभर उपाशी राहू शकतो. मोती लहान आहे, त्याला तसं ठेवू नका. कुणाला तरी दिवसाआड यायला सांगा. नवख्या माणसाला गांडूळ कापायला लावण्यापेक्षा गोळ्यांची सवय आधीच लावा आणि एका वेळच्या गोळ्यांच्या पुड्या बांधून ठेवा. सैल डबा हाती दिला की मायेपोटी मूठभर टाकल्या जातात. येणाऱ्याला उरलेलं काढायचा चिमटाही दाखवून ठेवा.