रोज एक अनोळखी अल्बम ऐकून गुण द्यायचे. खेड्यात राहून हे जमतं का, आणि सगळ्यालाच तीन का जातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, घरी शेती, स्मार्टफोन साधाच, इअरफोन वायरचे, नेट दिवसाला दीड जीबी. रोज एक कधीही न ऐकलेला अल्बम ऐकायचा आणि त्याला पाचपैकी गुण द्यायचे, हा नाद करायचा आहे. आठ दिवस करून पाहिलं तर प्रत्येकाला तीनच गुण गेले. काय चुकतंय?

नेटची चिंता आधी मिटवू. ४५ मिनिटांचा अल्बम ९६ केबीपीएसवर (अ‍ॅपमधला आवाजाचा दर्जा; आकडा मोठा तितकं नेट जास्त) ३२ एमबी खातो, १६० वर ५४ आणि ३२० वर १०८. दीड जीबीत हे कुठेच लागत नाही. फक्त चित्रासकट व्हिडिओ लावू नका, त्यात नेट कितीतरी पट जातं. टॉवर धड नसेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर आठवड्याचे सात अल्बम १६० वर उतरवून घ्या, ४०० एमबीच्या आत बसतात. (उतरवून ठेवायची सोय बहुतेक अ‍ॅपांत पैसे भरणाऱ्यालाच असते, तेवढं बघून घ्या.)

आता तीनचं. दोष अल्बमांचा नाही, मोजण्याचा आहे. कापसाचंच घ्या. दवात वेचलेला कापूस आणि दुपारी वेचलेला कापूस काट्यावर सारखा भरत नाही. म्हणून ग्रेडर, म्हणजे प्रत ठरवणारा, आधी ओलावा पाहतो. सीसीआयचा (भारतीय कापूस महामंडळाचा) भाव ८ टक्के ओलाव्याला असतो, त्याच्या वर कपात, आणि १२ च्या वर कापूस घेतच नाहीत. ऐकण्यातही हा ओलावा असतो. काल पहाटे शांततेत इअरफोनवर ऐकलेला अल्बम आणि आज संध्याकाळी कूलरशेजारी फोनच्या स्पीकरवर ऐकलेला अल्बम एका काट्यावर येतच नाहीत. आपल्याला आतून ते कळत असतं, मग पेन आपोआप मधल्या आकड्यावर टेकतं.

तेव्हा आधी ओलावा काढा. फोनचा स्पीकर बाद. त्याच्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते आणि तबल्याच्या डग्याचा घुमाराही खालीच असतो. फोनवर त्यातली नुसती टकटक उरते. लग्नातल्या डीजेचं बरोबर उलटं, तिथे खालचंच सगळं आणि गाणं गायब. दोन्हीवर गुण देऊ नयेत. वायरचे इअरफोन पुरेसे आहेत, पण रबराची टोपी कानात घट्ट बसली पाहिजे. ती सैल असली की आधी बास जातो, आणि माणूस लिहून मोकळा होतो, ‘अल्बम पातळ वाटला.’ पाकिटात तीन मापांच्या टोप्या येतात त्या फेकू नका. एका कानाला मधली आणि दुसऱ्याला मोठी लागणं अगदी नेहमीचं आहे.

आवाज साठ टक्क्यांच्या आसपास एकदा ठरवा आणि मग हात लावू नका. अ‍ॅपमधलं ऑडिओ नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळे अल्बम सारख्या आवाजात वाजवणारी सोय, चालू ठेवा. १९९० नंतरच्या बऱ्याच सीड्या मुद्दाम मोठ्या आवाजात भरलेल्या आहेत, आणि थोडा मोठा आवाज कानाला थोडं चांगलं संगीत वाटतो. नॉर्मलायझेशन नसेल तर १९५९ चा अल्बम २००५ च्या अल्बमासमोर उगाच हरतो. इक्वलायझर बंद, डॉल्बी बंद, शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) बंद. अल्बम संपल्यावर अ‍ॅप आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतं, तेही बंद. नाहीतर शेवटचं गाणं कोणतं होतं हेच लक्षात राहत नाही.

जागलीवर, म्हणजे रात्री पीक राखताना, ऐकावं असं पुष्कळांना सुचतं, वेळ भरपूर असतो म्हणून. माझ्या मते ती सगळ्यात वाईट जागा. तिथे कान रोही-डुकरासाठी मोकळा ठेवावा लागतो, म्हणजे एकच इअरफोन. १९६० च्या दशकातल्या कितीतरी स्टिरिओ रेकॉर्डींत ड्रम एका कानात आणि गाणारा दुसऱ्या कानात आहे. एकाच कानाने ऐकलं तर अर्धा वाद्यमेळ वावरातच राहिला. एका कानाने ऐकणं भागच असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘सुलभता’ या भागात मोनो ऑडिओ असतं, ते चालू करा. दोन्ही बाजू एका कानात येतात. रात्री ओलिताला जाताना मात्र एकही नको. पायाखालची सळसळ ऐकू आली पाहिजे. ट्रॅक्टरवरही नको. इंजिनावर मात करायला आवाज इतका वाढवावा लागतो की कानच जातात.

वेळ पहाटेची धरा. हिवाळ्यात वेचणीला निघण्याआधी, उन्हाळ्यात कूलर सुरू होण्याआधी. उलंगवाडी झाली, म्हणजे कापूस वेचून संपला, की हात मोकळे होतात खरे, पण तेव्हाच कूलर आणि लग्नसराई. पेरणीचे पंधरा दिवस सरळ सुटी घ्या. रोज म्हणजे आठवड्यात पाच धरले तरी वर्षात अडीचशेच्या आसपास जातं.

एका बैठकीत ४५ मिनिटं मिळत नसतील तर अर्धा सकाळी, अर्धा सांजेला ऐका. यात काही पाप नाही. १९४८ पासून आलेल्या, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर (मोठ्या तबकडीवर) एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच मावत, मग उठून तबकडी उलटावी लागे. जुने अल्बम त्या खंडासाठीच बांधलेले असतात. म्हैस दोहायला जेवढा वेळ लागतो तेवढी एक बाजू. हात गुंतलेले चालतात, डोळे आणि तोंड नको. तूर निवडता निवडता उत्तम ऐकता येतं, व्हॉट्सअ‍ॅप बघता बघता मुळीच येत नाही.

बाजू कुठे संपते आणि मूळ अल्बम कुठे संपतो, हे मात्र आधी शोधून ठेवा. अ‍ॅपवर ‘डिलक्स’ नावाखाली दहा गाण्यांच्या मागे आणखी बारा तुकडे जोडलेले असतात. ते ऐकून कंटाळा येतो आणि शिक्षा मूळ अल्बमाला होते. उलट त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळातल्या गाण्यांचा संग्रह, उदाहरणार्थ किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांचा, हा अल्बम म्हणून कधी बनलाच नव्हता. एकेक तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची, सुटी ऐकायची. तिथे एका वेळी सहाच ऐका आणि त्या सहांनाच गुण द्या.

गुणांची पट्टी अशी ठेवा की विचार करायला जागा राहू नये. स्वतःला एकच प्रश्न: उद्या परत लावीन का? ‘पूर्ण लावीन’ म्हणजे ४. ‘एखाद-दोन गाणी लावीन’ म्हणजे ३. ‘नाही, पण ऐकताना त्रास झाला नाही’ म्हणजे २. ‘नाही, आणि का नाही ते एका वाक्यात सांगता येतं’ म्हणजे १. कारण सांगता येत नसेल तर १ द्यायचा हक्क नाही. ५ त्यालाच, जो कामातल्या माणसाला हाक मारून ऐकवावासा वाटतो. दहात एकाहून जास्त ५ आले तर हात सैल सुटलाय समजा. अर्धे गुण नकोत. साडेतीन ही पळवाट आहे.

आणि सहावा रकाना हवा: ‘कळला नाही’. न आवडणं वेगळं, न कळणं वेगळं. तुमच्या आठ तीनांपैकी निदान चार या रकान्यातले असणार, पैज लावायला हरकत नाही. त्याला आकडा देऊ नका. ‘फिरून’ एवढं लिहा आणि महिन्याने परत लावा.

गुण त्याच वेळी देऊ नयेत. अल्बम संपताक्षणी डोक्यात फक्त शेवटचं गाणं असतं. ते जोरकस असलं की एक गुण फुकट वाढतो. ऐकल्याबरोबर नोंद लिहा, आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी. तोंड धुताना कोणती जागा आपसूक आठवते ते पाहा. थोडं सांभाळून, कारण साबणाच्या जाहिरातीची धूनसुद्धा आठवते. धून आठवणं पुरेसं नाही, ती परत ऐकावीशी वाटली पाहिजे.

वहीतली नोंद साधारण अशी दिसावी:

‘कॉल ऑफ द व्हॅली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काबरा. १९६७. पहाटे ५:४०, ओसरी, वायरचे इअरफोन. गिटार कुठे थांबते आणि संतूर कुठे सुरू होतं, दोनदा चुकलं. काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस आहे हे नंतर वाचलं. सकाळचा अहिर भैरव वेळेवर पडला, रात्रीची पहाडी पहाटे ऐकली. दुसरी बाजू सांजेला परत.’

यात ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ असं काही नाही. महिनाभराने वाचल्यावर असे शब्द काहीच सांगत नाहीत. गिटार कुठे थांबली हे सांगतं. परीक्षणं, यादीतला क्रमांक हे सगळं नोंद झाल्यावर वाचा. थोर म्हणून आधीच कळलेल्या अल्बमाला २ द्यायला हात उचलत नाही.

अनोळखी संगीतात शिरायचं कसं, यावर एक उदाहरण जवळून पाहू. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. जॅझ म्हटलं की आपल्याकडचा माणूस बिचकतो. पण गावातल्या भजन मंडळाची पेटी घ्या, पांढरी दोनला सा धरा आणि तिथून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. काफी थाट झाला. या अल्बमाचं पहिलं गाणं, ‘सो व्हॉट’, बहुतेक याच सुरांवर उभं आहे. बत्तीस मात्रांचा नव्हे, चार-चार मात्रांच्या बत्तीस आवर्तनांचा एक फेरा: सोळा इथे, मग आठ आवर्तनं सगळं अर्ध्या सुराने वर सरकतं, मग आठ परत खाली. ती सरकलेली जागा कानाने पकडली की अर्धी लढाई जिंकली. आधी मुखडा, मग एकेकाची पाळी, शेवटी मुखडा. बंदिशीला सरावलेल्या कानाला हे काही परकं नाही. पेटी जुळली नाही तर मात्र लगेच पेटीला शिव्या घालू नका. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेपयंत्र किंचित हळू चाललं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात विकली गेली. १९९० च्या दशकापासूनच्या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं. म्हणून जमेल तिथे वहीत आवृत्तीही लिहा.

हीच रीत बाकी ठिकाणी: पहिल्या दहा मिनिटांत निकाल नाही, आणि एकच वाद्य धरून शेवटपर्यंत जायचं, शक्यतो बास. शब्द कळत नसतील तर पहिल्यांदा अर्थ शोधू नका. अपवाद रॅपचा, तिथे शब्द समोर ठेवूनच ऐका, नाहीतर अर्धा माल गेला.

निवड चिठ्ठीने करा, मनाने नको. मन दर वेळी ओळखीच्याकडेच वळतं. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकाची ५०० अल्बमांची यादी प्रसिद्ध आहे (२००३ ची, २०२० मध्ये नव्याने केलेली), पण ती बहुतांश इंग्रजी गाण्यांची आहे. तिच्यातून चाळीसच घ्या, बाकी साठ चिठ्ठ्या आफ्रिका, क्यूबा, अरबी, कर्नाटक, हिंदुस्थानी अशा भरा. डब्यातून निघालेली चिठ्ठी बदलायची नाही. आठवड्यातून एकदाच माफी.

सुरुवातीला डब्यात हे पाच असू द्या. सरोदवादक अली अकबर खाँ यांची १९५५ ची अमेरिकेतली एलपी, दोन बाजूंना दोन राग. अमेरिकन गायक मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, १९७१, पाऊणतासाहूनही कमी. गाणी एकमेकांत मिसळतात, मध्ये क्षणभर जरी आवाज तुटला तरी अ‍ॅपची सेटिंग तपासा. क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा ‘ऑटोबान’, १९७४, पहिली पूर्ण बाजू एकाच गाण्याची. नायजेरियाचे फेला कुटी यांचा ‘झॉम्बी’, ज्यात गाणारा कित्येक मिनिटं तोंडच उघडत नाही. तोवर तालावर राहा, खंजिरी भजनावर वाढलेल्या कानाला जड जाऊ नये. आणि क्यूबातल्या वादक-गायकांचा १९९७ चा ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’, तासभराचा, म्हणून सुटीच्या दिवशी.

दर पंधराव्या दिवशी नवा अल्बम नाही. वहीतला जुना एक, गुण झाकून, परत ऐका आणि परत गुण द्या. एकाहून जास्त फरक पडला तर नोंदीतली वेळ आणि जागा बघा, कारण बहुधा तिथेच सापडतं. घरात आणखी कोणी ऐकणारं असेल तर दोघांनी आधी वेगळ्या कागदावर आकडा लिहावा, मग बोलावं. आधी बोललं की मोठ्याचा गुण दोघांचा होतो.

तुमच्या आठ तीनांवर रेघ मारा, पण अल्बमांची नावं ठेवा. त्यातले कोणतेही दोन उद्या-परवा पहाटे, घट्ट टोपी लावून, ठरलेल्या आवाजात परत ऐका. एकाचा तरी आकडा हलेल. दोन्ही तीनच राहिले तर ते दोन अल्बम खरोखरच तीनचे आहेत, आणि तुमची पट्टी तिथून सुरू होते.